खानदानात कुणाला आहे का?

पत्रिका जुळते, पगार पटतो, शेती किती आणि फ्लॅट कुठे हेही विचारून होतं. पोहे संपतात, शेंगाच्या चटणीचं कौतुक होतं, आता बैठक उठणार असं वाटतं. नेमकी तेव्हा पाहुण्यांमधली एखादी काकू कप खाली ठेवून, आवाज बेताचा करून म्हणते, "तसं काही नाही हो, पण विचारलेलं बरं की. खानदानात कुणाला ते आहे का?"

'ते' म्हणजे शुगर नव्हे. शुगर आता घरटी असते, तिचं कुणाला काही वाटत नाही. 'ते' म्हणजे कोड. अंगावरचे पांढरे डाग. त्याने माणूस मरत नाही, ते दुखत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. तरी जुळत आलेलं स्थळ या एका प्रश्नावर फिरतं, आणि फिरलं की कारण कुणी तोंडाने सांगत नाही. "मुलाला सध्या लग्नच करायचं नाही म्हणतो," असा निरोप येतो.

आमच्या घरी या प्रश्नाला सरळ 'नाही' म्हणता येत नाही. माझ्या सख्ख्या आत्याला आहे. कपाळावर, दोन्ही मनगटांवर, बोटांच्या टोकांवर. तिचं लग्न त्यापायी झालं नाही, आणि पुढे माझ्या वेळी, चुलतभावाच्या वेळी, आता भाच्याच्या वेळीही विषय निघालाच. आजी होती तोवर प्रत्येक वेळी तिच्या माहेराची झडती व्हायची. तिचा कुणी एक मामा होता, त्याच्या पायावर म्हणे पांढरा चट्टा होता. तो भाजल्याचा होता असं आजी शेवटपर्यंत सांगत राहिली. कुणी ऐकलं नाही. मामा कधीच गेलेला, त्यामुळे त्याचा पाय कुणाला बघता येत नव्हता, आणि अशा वेळी गेलेल्या माणसावर ढकलणं सोयीचं असतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून "हे आनुवंशिकच असतं ना गं?" हा प्रश्न फिरून माझ्याकडे येतो. विचारणाऱ्याच्या मनात जीन म्हणजे पूर्वजांनी मागे ठेवलेलं काहीतरी असतं. चांगलं निघालं तर नशीब, वाईट निघालं तर खोट, आणि खोट निघाली की ती कुणाच्या बाजूची याचा शोध. तो जीन आत्ता, चहा पिता पिता, विचारणाऱ्याच्याही हाताच्या कातडीत काम करतोय, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. मला त्याच्या कुळापेक्षा त्याच्या कामाचं अप्रूप जास्त. म्हणून आज अशाच एका जीनबद्दल.

माझे वडील डाईंगमध्ये होते. सोलापुरात एवढं सांगितलं की पुरे. चादरीचं, टॉवेलचं सूत आधी रंगतं आणि मग मागावर चढतं. लहानपणी डबा द्यायला गेलं की आत वाफ, कॉस्टिकचा वास आणि कायम ओली जमीन. कामगारांचे हात कोपरापर्यंत त्या त्या आठवड्याच्या रंगाचे. सगळ्यात कमी रंगलेले हात मास्टरचे. मास्टर हौदात हात घालत नसे. पावडर किती, मीठ किती, कुठली टाकी तापवायची, लड कधी उलटायची, कधी काढायची, हे तो सांगायचा. काढलेली लड पिळून, वाळवून मगच तो ती शेड कार्डाला लावायचा, कारण ओलं सूत नेहमी गडद दिसतं आणि नवख्याला हमखास फसवतं. मास्टर आला नाही की टाक्या असत, पावडर असे, माणसं असत, आणि रंग होत नसे. अप्पा त्या दिवशी लवकर घरी यायचे.

आपल्या कातडीतल्या रंगाचा असाच एक मास्टर आहे. त्याचं नाव एमआयटीएफ. पूर्ण नाव मायक्रोफ्थॅल्मिया-असोसिएटेड ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, पण ते एकदा वाचून सोडून द्यावं. माणसाच्या तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर त्याचा जीन आहे. नावातले बारके डोळे उंदराचे. पाउला हर्टविग या जर्मन संशोधक बाईंना १९४२ साली, क्ष-किरण दिलेल्या उंदरांच्या वंशात काही पिल्लं अशी आढळली की अंग पांढरं आणि डोळे अगदी बारीक. त्यामागचा जीन हाती लागायला १९९३ उजाडलं, आणि तोही काहीसा अपघाताने. अमेरिकेत उंदरांच्या भ्रूणात बाहेरचा जीन सोडण्याचे प्रयोग चालले होते. सोडलेला एक तुकडा नेमका या जागी जाऊन बसला, पांढरी पिल्लं निपजली, आणि त्या तुकड्याचा माग काढत संशोधक मूळ जीनपर्यंत पोचले. पुढच्याच वर्षी हाच जीन बिघडलेली माणसंही सापडली. त्यांच्याकडे मी पुढे येते.

आधी काम. कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी बसलेल्या असतात, मेलॅनोसाइट. तळाच्या साधारण १० पेशींमागे एक. तिला लांब फाटे असतात आणि त्या फाट्यांमधून ती आजूबाजूच्या ३०-४० पेशींना रंगाचे कण पोचवते. एवढं सांगून झालं की मी वर्गात विचारते, गोऱ्या माणसाच्या अंगात या पेशी कमी असतात की जास्त? सगळे हात 'कमी'ला वर. प्रत्यक्षात संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो कण केवढे, किती गडद आणि कातडीत किती टिकतात यात, आणि त्यावर कितीतरी जीन्सचा हात फिरलेला असतो. त्यातल्या एसएलसी२४ए५ या जीनचा भारतीय लोकांमधला अभ्यास आपल्या शेजारच्या हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेतल्या लोकांनी २०१३ साली छापला. एकाच घरात एक भाऊ गोरा आणि एक सावळा का, याचं उत्तर त्या दिशेला आहे. तो वेगळा विषय, आणि लग्नाच्या जाहिरातींमुळे माझा त्यातला रस तसाही आटलाय.

एमआयटीएफ हे प्रथिन स्वतः रंग बनवत नाही. ते पेशीच्या केंद्रकात जातं, जोडीजोडीने डीएनएला धरतं, आणि धरण्यासाठी सहा अक्षरांचा एक छोटा क्रम शोधतं. सुरुवात सी-ए, शेवट टी-जी, मधली दोन अक्षरं थोडी इकडेतिकडे चालतात. रंगाला लागणाऱ्या जीन्सच्या तोंडाशी हा क्रम लिहिलेला असतो. एमआयटीएफ तिथे बसलं की तो जीन कामाला लागतो. टायरोसिनेज हे मुख्य विकर त्यातूनच बनतं. टायरोसिन या साध्या अमिनो आम्लापासून मेलॅनिनपर्यंतचा प्रवास तेच सुरू करतं. पीमेल नावाचं प्रथिन कणाच्या आत रंग बसायला धागे विणतं, मेलॅन-ए नावाचं आणखी एक असतं, तीही याच्याच हुकमाने. रंगपेशीने जगायचं की नाही, दुभंगायचं की नाही, यातही त्याचा शब्द चालतो. तो किती आहे यावर बरंच ठरतं. पुरेसा असला तर पेशी गुमान रंगाचं काम करते. फार उतरला तर ती काम सोडून भटकायला लागते, आणि मेलॅनोमा या कातडीच्या कॅन्सरमध्ये हे भटकणं जिवावर बेततं. सुदैवाने आपल्याकडे तो कॅन्सर विरळा.

हा जीन शरीराच्या बहुतेक सगळ्या पेशींमध्ये असतो, पण सगळीकडे चालू नसतो. डोळ्याच्या पडद्यामागच्या पेशी, हाडं झिजवून नवीन करणाऱ्या पेशी, खाज-पित्त उठवणाऱ्या मास्ट पेशी, या सगळ्या त्याच जीनची आपापली आवृत्ती काढतात. रंगपेशींची आवृत्ती ४१९ अमिनो आम्लांची. म्हणजे तो असणं आणि तो कामावर असणं यात अंतर आहे, आणि बैठकीतली काकू विचारत असते ते फक्त असण्याबद्दल.

कामावर त्याला बोलावतं कोण? ऊन. सोलापूरकराला उन्हाबद्दल काही सांगायला जाणं म्हणजे आगाऊपणाच, तरी सांगते. उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीच्या साध्या पेशींमधल्या डीएनएला इजा झाली की तिथे पी-५३ हे प्रथिन जागं होतं. कॅन्सर अडवणारं म्हणून ते प्रसिद्ध आहे, पण कातडी रापवण्यातही त्याचाच हात असतो, हे बोस्टनच्या डेव्हिड फिशर यांच्या प्रयोगशाळेने २००७ साली दाखवलं. पी-५३च्या सांगण्यावरून साधी पेशी एक संप्रेरक सोडते. ते शेजारच्या रंगपेशीवरच्या एमसी-१-आर नावाच्या जागी जाऊन चिकटतं, आत निरोप पोचतो, आणि एमआयटीएफ बनायला लागतं. मग टायरोसिनेज, मग रंग, मग कण, मग ते फाट्यांमधून शेजाऱ्यांकडे. पोचलेले कण त्या पेशीत कुठेही पडून राहत नाहीत. केंद्रकाच्या वरच्या अंगाला, उन्हाच्या बाजूला गोळा होतात, म्हणजे पुढचं ऊन डीएनएपर्यंत कमी पोचावं.

या सगळ्याला वेळ लागतो. म्हणून आमच्या सिद्धेश्वराच्या, गड्ड्याच्या यात्रेत ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला नंदीध्वजांबरोबर उन्हातून चालून आलेला माणूस त्या दिवशी नुसता तापलेला दिसतो. रापलेला दिसतो तो दोन-तीन दिवसांनी, पांढरी बाराबंदी धुऊन कपाटात गेल्यावर. तेल अवीवच्या कार्मित लेवी यांच्या गटाने २०१८ मध्ये याचा आणखी एक पदर उलगडला. उन्हानंतर एमआयटीएफ एकदाच चढून उतरत नाही. चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. त्यामुळे उंदरांना रोज किरण दिले त्यापेक्षा एक दिवसाआड दिले तर रंग जास्त धरला. रोज रोज मारा केला तर आधीचं काम निस्तरायच्या आत दुसरं अंगावर पडतं. डाईंगमध्ये अप्पा हेच म्हणायचे, फक्त शिव्या घालून.

आता आत्या.

तिचं सुरू झालं ते टिकलीखाली. त्याआधी आमच्याकडच्या बायका मेण लावून त्यावर पिंजर दाबत. मग चिकटवायच्या टिकल्यांची पाकिटं आली आणि तरण्या मुली त्यांच्यावर तुटून पडल्या. आत्याने एकाच जागी, एकाच मापाची मरून टिकली वर्षानुवर्षं लावली. रात्री काढून आरशाला चिकटवायची, सकाळी तीच परत कपाळाला. एक दिवस टिकली काढली तर खाली तेवढाच गोल फिका दिसला. आधी फिका गव्हाळ, मग दुधाळ, कड अगदी रेखीव. ती रोज आंघोळीआधी तिथे बोट फिरवून बघायची. हाताला काहीच लागायचं नाही, ना खवला, ना चरा. आजी म्हणाली टिकली रुतली. शेजारच्या तेलुगू मावशींनी मासे आणि दूध एकत्र खाल्लं असेल म्हणून सांगितलं, तर आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे.

खरा गुन्हेगार डिंकात होता, हे कितीतरी वर्षांनी एका त्वचेच्या डॉक्टरांनी समजावून दिलं. अशा टिकल्यांच्या चिकटद्रव्यात पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल नावाचं रसायन असायचं. त्याची ठेवण टायरोसिनशी इतकी मिळतीजुळती की टायरोसिनेज त्यालाच कच्चा माल समजून कामाला घेतं, आणि रंगाऐवजी विष तयार होतं. मरतात त्या रंगपेशीच, कारण टायरोसिनेज असतं त्यांच्याचकडे. हा प्रकार जगाला आधी कळला होता तो टिकल्यांवरून नव्हे, हातमोज्यांवरून. १९३९ साली अमेरिकेत कातडी कमावण्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे हात मोजे घालतात तिथपर्यंत पांढरे पडले होते. रबर टिकावं म्हणून त्यात हायड्रोक्विनोनचा एक भाऊबंद घातलेला होता. आणि २०१३ साली जपानमध्ये एका मोठ्या कंपनीला आपली गोरं करणारी क्रीम बाजारातून परत घ्यावी लागली. त्यातलं रोडोडेंड्रॉल हे द्रव्यही असंच टायरोसिनेजच्या तोंडी लागणारं. हजारो बायकांना हवा होता उजळपणा, मिळाले पांढरे चट्टे. हे वाचल्यावर मला हसावं की काय करावं ते कळेना.

पण मग मनगटं? तिथे कुणी टिकली लावत नाही. रसायनाने पेशी मरायला लागल्या की शरीराची प्रतिकारशक्ती सावध होते, आणि काही जणांत ती त्या जागेपुरती थांबत नाही. टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे शिपाई, अंगभर रंगपेशी शोधत फिरतात. शोधतात कशावरून? टायरोसिनेज, पीमेल, मेलॅन-ए यांच्या तुकड्यांवरून. वर नावं घेतली तीच ही, तिन्ही एमआयटीएफच्या हुकमाने बनणारी. मला हे फार अन्यायाचं वाटतं. पेशीने नेमून दिलेलं काम चोख केलं, त्या कामाचाच माल तिच्या अंगावर दिसला, आणि त्यावरूनच तिला हेरून मारलं. जिथे बांगड्या घासतात, परकराची नाडी काचते, तिथे कातडीला सारखा त्रास असतो, म्हणून डाग अशा जागा लवकर धरतात. आत्याची मनगटं त्यातली. ती टॉवेलच्या कारखान्यात शिवणीला होती. दोन गठ्ठ्यांतला पांढऱ्याचा फरक तिला लांबून कळायचा, "हा लॉट दुसऱ्या दिवशीचा आहे बघ," म्हणायची, आणि सुपरवायझर तपासायला गेला की खरं निघायचं. कामावर बांगड्या काढून ठेवायला तिला कुणी सांगितलं नाही.

मग यात खानदान कुठे आलं? येतं, थोडं येतं. कुणाची प्रतिकारशक्ती अशी भडकू शकते यात बऱ्याच जीन्सचा थोडाथोडा वाटा असतो. पण एकाच गर्भातून फुटलेल्या तंतोतंत सारख्या जुळ्यांचा अभ्यास २००३ साली झाला, त्यात एकाला कोड असताना दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण निघालं २३ टक्के. सगळेच्या सगळे जीन सारखे, आणि तरी चारातल्या तिघांना काही नाही. मग आजीच्या मामाच्या पायाला नातवंडांच्या बैठकीत काय काम?

गंमत अशी की एमआयटीएफ खरोखर बिघडला तर खानदानाचा प्रश्न अगदी रास्त ठरतो, आणि तिथे तो कुणी विचारत नाही. वार्डनबर्ग नावाच्या डच नेत्रतज्ज्ञांनी १९५१ मध्ये एक लक्षणसमूह नोंदवला. कपाळावर केसांची एक पांढरी बट, कधी एक डोळा निळा आणि एक काळा, आणि जन्मापासून कमी ऐकू येणं. त्याचे अनेक प्रकार आहेत. त्यातल्या एका प्रकारात एमआयटीएफच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असते, हे १९९४ साली कळलं. आई किंवा बापाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. रंगाचा आणि कानाचा संबंध मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी तो दोनदा वाचला. गर्भात रंगपेशींची मूळ पिढी पाठीच्या कण्यालगत जन्मते आणि तिथून चालत अंगभर पसरते. काही कातडीत, काही केसांच्या मुळात, काही थेट आतल्या कानात जातात. कानात त्या रंगासाठी नसतात. तिथल्या द्रवात पोटॅशियमचं प्रमाण चढं ठेवायला त्या लागतात, आणि ते उतरलं की ऐकू येत नाही. या वाटचालीत पेशींना जिवंत ठेवतो तो एमआयटीएफ. तो कमी पडला तर काही जणी वाटेतच मरतात. म्हणून तर पांढरी बट बरोबर कपाळाच्या मध्यावर येते, पाठीपासून सगळ्यात लांबच्या जागी. अशी बट असलेली मुलगी आपल्याकडे बघायला आली तर लोक म्हणतील, पार्लरमधून करून घेतली असेल.

जनावरांत तर याचं वेगळंच. पंढरपुरी म्हैस आपल्या जिल्ह्याची. खांद्याच्या मागे जाणारी लांब शिंगं, अंग काळंभोर, एखादीच्या कपाळावर नाहीतर शेपटीच्या गोंड्याला पांढरं. त्या पांढऱ्यामागे कुठला जीन आहे ते सोडा. पण इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर तोराजा लोकांकडे पांढऱ्या चट्ट्यांचे रेडे असतात, त्यांच्यात मात्र एमआयटीएफचेच बिघाड सापडले, २०१५ साली. तिथे अंत्यविधीला रेडा लागतो आणि चट्ट्यांचा रेडा काळ्याच्या कितीतरी पट किमतीला जातो. हे मी आत्याला सांगितलं तर म्हणाली, "मग मला तिकडंच द्यायचं होतं की!" आणि पुढचा सगळा वेळ स्वतःच हसत होती.

उपचारांचं सांगायचं तर तरुणपणी तिने बावचीचं तेल लावून उन्हात बसून पाहिलं. बावचीत सोरालेन असतं, ते कातडीला उन्हासाठी हळवी करतं, म्हणजे औषधात तथ्य होतं. पण मात्रा कुणाच्या हातात? मे महिन्यातलं गच्चीवरचं ऊन, अंदाजाने लावलेलं तेल, दुसऱ्या दिवशी मनगटांवर टपोरे फोड. त्या फोडांनी डाग आणखी पसरले. तांब्याच्या भांड्यातलं पाणी तर आमच्याकडे अजून सांगतात. टायरोसिनेजला तांबं लागतं हे अगदी खरं आहे, प्रत्येक रेणूत त्याचे दोन अणू असतात. पण डागात टायरोसिनेज बनवणारी पेशीच उरलेली नसते. तांबं देणार कुणाला?

खरा फरक पडला तो उतारवयात. एका ठिकाणी ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांची केबिन होती. आठवड्यातून ठरल्या वारी रिक्षाने जायचं, डोळ्यांवर चष्मा, काही सेकंदांपासून सुरुवात. कित्येक आठवडे काही दिसलं नाही. मग एका दुपारी मनगट खिडकीशी धरून ती म्हणाली, "हे काय गं, तीळ उठलेत?" मी भिंग आणलं. पांढऱ्या डागात तपकिरी ठिपके उमटले होते, आणि प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक केस. इतके नेमके की हाताने काढल्यासारखे. केसाच्या मुळाशी, खोलवर, रंगपेशींच्या मूळपेशी दडून असतात. टी-पेशींच्या तावडीतून त्या बहुधा वाचतात, कारण त्या अजून रंग बनवत नसतात, म्हणजे ओळख पटावी असं त्यांच्या अंगावर फारसं काही नसतं. किरणांनी त्या जाग्या होतात, केसाच्या बाजूने वर सरकतात, त्यांच्यात एमआयटीएफ चढतं, आणि वर येईस्तोवर त्या पुऱ्या रंगपेशी होतात. ठिपके पसरत पसरत एकमेकांना भिडले. दोन्ही मनगटं बरीचशी भरली. कपाळ अर्धं. बोटांची टोकं तशीच राहिली, कारण तिथे केसच नसतात.

आता टी-पेशींचा निरोपच मध्ये तोडणारं रुक्सोलिटिनिब नावाचं मलम निघालंय, अमेरिकेत २०२२ साली त्याला मान्यता मिळाली. मांडीची चांगली कातडी घेऊन तिच्यातल्या पेशी डागावर पेरायची शस्त्रक्रियाही आपल्याकडे होते. डॉक्टरांनी बोटांसाठी ती सुचवली. "मांडीचं बोटाला? नको बाई," म्हणून आत्याने विषय संपवला. टिकली मात्र तिने त्यानंतर लावली नाही. पुन्हा पिंजरीवर आली.

अलीकडे मी हे सगळं तिला एकसलग सांगत होते, तर मध्येच तिने विचारलं, "आणि केस कुणी मारले गं? ते तर सगळ्यांचेच पांढरे होतात." प्रश्न चांगला होता. तिथे टी-पेशींचा काही संबंध नसतो. २००५ साली उंदरांच्या आणि माणसांच्या केसांच्या मुळांवर काम झालं, त्यात दिसलं की वयाबरोबर त्या दडलेल्या मूळपेशीच संपत जातात. काही मरतात, काही भलत्याच जागी, वेळेआधी रंग बनवायला लागून वाया जातात. एमआयटीएफमध्ये एक ठरावीक बिघाड असलेले उंदीर काळे जन्मतात आणि वयाबरोबर झपाट्याने पांढरे होतात, त्याचंही कारण हेच.

"म्हणजे हाताचा मास्टर मारला गेला आणि केसांचा रिटायर झाला," आत्या म्हणाली.

रिटायर नव्हे, मी म्हटलं, जुने गेले आणि पुढची भरतीच बंद झाली. सोलापुरातल्या मिलमध्येही असंच झालं होतं, त्यामुळे तिला ते लगेच पटलं.